उजव्या पायाचा गिअर

आमच्या घरात गेले दोन महिने एकच वाद चालू आहे. वाडीच्या वाटणीचा नाही की लग्नातल्या मानपानाचा नाही. वाद आहे एका गिअर लिव्हरचा. वीतभर लांबीचा, पुढचं रबर झिजून गुळगुळीत झालेला एक लोखंडी तुकडा. तो नव्या गाडीला बसवायचा की नाही, यावर आमच्याकडे दोन तट पडले आहेत, आणि दोन्ही तटांतली माणसं मला फोन करून 'सर, तुम्ही तरी सांगा' म्हणतात. (सख्खे नातेवाईकही आता मला सर म्हणतात. चौतीस वर्षं शिकवल्याची शिक्षा, दुसरं काय.) प्रत्येकाला वेगळं सांगून तोंड दुखायला लागलं, म्हणून इथे लिहून टाकतो. सगळ्यांनी सावकाश वाचा.

ज्यांना मोटरसायकलशी फारसं देणंघेणं नाही त्यांच्यासाठी आधी थोडं मागचं सांगायला हवं.

आजच्या मोटरसायकलवर डावा पाय गिअरला आणि उजवा पाय मागच्या ब्रेकला. आपल्या मुलानातवंडांना वाटतं की हे असंच असतं, जसा सूर्य पूर्वेला उगवतो. पण तसं काही नाही. इंग्लंडातल्या जुन्या मोटरसायकलींचा गिअर उजव्या पायाला असायचा आणि ब्रेक डाव्या. आपली बुलेट म्हणजे मूळची इंग्लंडातल्या रेडिच गावची. १९५५ साली मद्रासला कारखाना निघाला आणि तिथे ती तशीच्या तशी बनू लागली. उजवा गिअर, डावा ब्रेक. पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेने कायदाच केला की गिअर डाव्या पायाला हवा. जपानी गाड्या तशाच होत्या, हळूहळू सगळं जग तिकडे वळलं. आपल्याकडे राजदूत आणि येझदीचा गिअरही डावीकडेच. (येझदीची तर गंमतच होती. किक आणि गिअर एकच दांडी! आधी तिने किक मारायची, मग तीच पुढे पाडून गिअर टाकायचे. ज्याने ही कल्पना काढली त्याला माझा नमस्कार.) १९८५ च्या सुमारास हिरो होंडा आणि यामाहा आल्या, त्याही डाव्या. बुलेट मात्र बसली होती आपली उजवीकडे, एखाद्या हट्टी आजोबांसारखी.

आणि नुसती बाजूच उलटी नाही बरं का. चालही उलटी. जुन्या बुलेटला चार गिअर. पहिला गिअर टाकायला पायाचा पंजा लिव्हरखाली घालून वर उचलायचा आणि पुढचे तीन खाली दाबत जायचं. आजच्या बहुतेक गाड्यांना पहिला खाली आणि बाकीचे वर. शिवाय जुन्या बुलेटला गिअरबॉक्सवर आणखी एक छोटी दांडी असायची, न्यूट्रल फाइंडर. पहिला सोडून कुठल्याही गिअरमध्ये असा, टाचेने ती दाबली की गाडी थेट न्यूट्रलमध्ये. सिग्नलला उभं राहताना बुलेटवाला ती ऐटीत दाबायचा आणि क्लच सोडून दोन्ही हात कमरेवर ठेवायचा. शेजारचा स्कूटरवाला तोवर मूठ फिरवून न्यूट्रल शोधत असायचा.

२००० नंतरच्या दशकात बुलेटलाही पाच गिअरचा, डाव्या पायाचा नवा गिअरबॉक्स येऊ लागला. इंजिन काही वर्षं तेच जुनं बिडाचं राहिलं, म्हणजे आवाज तोच. २००८-०९ पासून इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचातले झाले आणि जुना जमाना संपला. पण त्या मधल्या काही वर्षांत ज्या गाड्या निघाल्या त्यांतल्या काही अशा आहेत, की बघायला जुनी बुलेट, ऐकायला जुनी बुलेट, आणि पाय ठेवला की परकी.

तसलीच एक गाडी आमच्या पुतण्याने घरी आणली.

आमच्या थोरल्या भावाकडे, अण्णाकडे, १९७९ पासून बुलेट होती. अण्णाचा धंदा विहिरीवरच्या पंपांच्या दुरुस्तीचा. भुईगाव, गास, निर्मळ, आगाशी, पार अर्नाळ्यापर्यंत. तेव्हा वसई तालुका म्हणजे केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या, आणि प्रत्येक वाडीत विहीर, आणि प्रत्येक विहिरीवर पंप, आणि ऐन उन्हाळ्यात नेमका तो बंद. मागच्या सीटला पाइप बांधून, पान्यांची पिशवी टाकीवर ठेवून अण्णा फिरायचा. गाडीचा आवाज बांधापलीकडून आला की वाडीवाला चहा टाकायला सांगायचा. चाळीस वर्षं एका माणसाचा उजवा पाय तेच करत राहिला. वर, खाली, खाली, खाली. जुलै २०१८ च्या पावसात वसईत पाणी भरलं तेव्हा गाडी अंगणात पाण्याखाली गेली. दुरुस्त झाली, पण मग कागदपत्रं, फिटनेस, वय, सगळंच अंगावर आलं आणि पुढच्या वर्षी अण्णाने ती एका हौशी माणसाला विकून टाकली. विकताना गाडीला चकचकीत नवा लिव्हर होता. जुना, दाते झिजले म्हणून कधीतरी काढलेला, हत्यारांच्या पेटीत तसाच राहिला होता. तोच हा, वादाचा.

तीन वर्षांपूर्वी पुतण्याने बापासाठी म्हणून २००६ ची बुलेट शोधून आणली. नंबर अजून जुन्या ठाणे जिल्ह्याचा, एमएच-०४. आवाज ऐकून अण्णाच्या डोळ्यांत पाणी आलं हे मी स्वतः पाहिलं आहे. पोराला बिचाऱ्याला वाटलं बुलेट म्हणजे बुलेट. पाय कुठे ठेवायचा हा प्रश्न त्याला पडलाच नाही, कारण तो लहानपणापासून डाव्या गिअरवरच वाढलेला.

अण्णाने प्रयत्न मनापासून केला, हे सगळ्यांनी मान्य करायला हवं. सकाळी सहाला, रस्ते रिकामे असताना, महिना-दीड महिना सराव केला. आणि जमलंही. सरळ रस्त्यावर, डोकं शांत असताना, माणूस काहीही शिकतो. खोट आहे ती वेगळ्याच ठिकाणी. गेल्या दिवाळीनंतर गोखिवऱ्याकडे जाताना पुढचा टेम्पो अचानक थांबला. अण्णाचा डावा पाय खाली गेला. चाळीस वर्षं तिथे ब्रेक होता. आता तिथे गिअर आहे. गाडीने एक झटका देऊन खालचा गिअर घेतला, थोडी मंदावली, थांबली नाही. मग त्याने पुढचा ब्रेक जोरात धरला, खाली रेती होती, चाक घसरलं. मनगट तीन आठवडे प्लास्टरमध्ये, गुडघा सोललेला, बाकी देवाची कृपा.

तेव्हापासून वाद. एक तट म्हणतो, आता गाडी चालवणं बंद. दुसरा म्हणतो, पेटीतला लिव्हर काढा आणि या गाडीला उजवीकडे गिअर करून द्या.

माझं मत दुसऱ्या तटाच्या बाजूने आहे. पण त्या तटातल्या लोकांना ते जसं हवं आहे तसं नाही. म्हणून नीट सांगतो.

आधी पहिल्या तटाचा सगळ्यात चांगला मुद्दा घेऊ. आमच्या धाकट्या बहिणीचं म्हणणं, की अण्णाला बिनगिअरची स्कूटर द्या. दोन्ही ब्रेक हातात, पायांना काम नाही, म्हणजे चुकायला जागाच नाही. ताई, तुझा मुद्दा बरोबर आहे. माझ्या वयाच्या दहा माणसांनी मला विचारलं तर आठांना मी हेच सांगेन. मी स्वतः तीच चालवतो. पण अण्णाने आपल्या सुनेची स्कूटर दोन महिने चालवून पाहिली आहे. आपल्या भागातल्या पावसाळ्यानंतरच्या खड्ड्यांत ते छोटं चाक पडलं की त्याच्या कमरेतून कळ निघते. बुलेटचं मोठं चाक तोच खड्डा गिळून जातं. ही काही हौसेची गोष्ट नाही, मणक्याची आहे. आणि दुसरं, बिनगिअरच्या गाडीवर घाबरल्यावरही अण्णाचा पाय ब्रेक शोधतो! तिथे फक्त पत्रा असतो. पाय पत्र्यावर आपटतो आणि हात उशिरा जागे होतात. म्हणजे तिथेही सवय मोडायचीच आहे.

आता या सवयीबद्दल थोडं बोलू दे, कारण इथेच माझी आणि पुतण्याची गाठ अडते. तो म्हणतो, काका, माणूस शिकतो हो, अण्णा अजून सहा महिन्यांत विसरेल जुनं. मी शाळेत डावखुरी मुलं पुष्कळ पाहिली. त्या काळी पुष्कळ घरांत मुलाला मारून-मुटकून उजव्या हाताने लिहायला लावत. माझ्या वर्गात मी कुणाचा खडू हातातून बदलून घेतला नाही, पण घरून 'सुधारून' आलेली मुलं येत. वहीतलं अक्षर ठीक असायचं. पण मागून चेंडू आला, की झेलायला डावाच हात पुढे. नवी सवय जुनीच्या जागी बसत नाही, ती जुनीच्या वर बसते. वरचा थर निघायला एक दचका पुरतो. आणि रस्त्यावर दचकण्याचा क्षण हाच तर ब्रेकचा क्षण. एरवी ब्रेक कोणत्या पायाला आहे याने काही बिघडत नाही, हे लक्षात घ्या. सगळं बिघडतं ते त्या एका सेकंदात, आणि त्या सेकंदात अण्णा शहात्तर वर्षांचा नसतो, चाळीसचा असतो.

म्हणून मी म्हणतो, माणूस बदलण्यापेक्षा लोखंड बदलणं सोपं आहे. लोखंड दचकत नाही.

पण कसं बदलायचं? इथे दुसऱ्या तटाशी माझं भांडण सुरू होतं. कारण त्यांच्यातल्या बहुतेकांना वाटतं की डावीकडचा लिव्हर काढला, उजवीकडे जुना लावला, झालं काम. नाही हो. मी दोन रविवार गॅरेजमध्ये स्टुलावर बसून मिस्त्रीकडून समजून घेतलं आहे. (मराठीच्या मास्तरला काय कळतंय असं म्हणाल. पण तरफेचा धडा आम्हीही शिकलो होतो.)

या गाडीच्या गिअरबॉक्समधून गिअर टाकणारा दांडा बाहेर येतो तो डाव्या बाजूला. उजवीकडे लिव्हर हवा असेल तर गाडीच्या पोटाखालून एक आडवी दांडी न्यावी लागते, दोन बुशांमध्ये फिरणारी. डाव्या टोकाला तिला एक आखूड हात. तो हात एका जोडकाडीने गिअरच्या दांड्यावरच्या तेवढ्याच आखूड हाताला जोडायचा. आणि उजव्या टोकाला आपला जुना लिव्हर. हे काही जगावेगळं नाही. अमेरिकेचा कायदा आला तेव्हा इंग्रज कारखान्यांनी आपल्या उजव्या गिअरच्या गाड्या अशाच आडव्या दांड्या टाकून डाव्या केल्या होत्या. आपल्याकडून अमेरिकेला जाणाऱ्या बुलेटनाही पाच गिअरचा बॉक्स येण्याआधी हाच उपाय होता. आपण तो उलट दिशेने करतोय, इतकंच.

खरी मेख आहे ती चालीत. आडवी दांडी सरळ जोडली तर गिअर उजव्या पायाला येईल, पण चाल नवीच राहील. पहिला खाली, बाकी वर. म्हणजे बाजू अण्णाची आणि भाषा पुतण्याची. मला विचाराल तर हा अर्धा बदल न बदलण्याहून वाईट. कारण आता पायाला 'हे आपलं घर' असं वाटणार, तो निर्धास्त होणार, आणि वेग कमी करायला म्हणून लिव्हर वर उचलणार, जसा जन्मभर उचलला. गाडी उलट वरचा गिअर घेणार! सुदैवाने याला इलाज सोपा आहे. जोडकाडी जोडणाऱ्या त्या दोन हातांपैकी एक उलटा फिरवून बसवायचा. दोन्ही हात एकाच दिशेला असले की एका टोकाचं खाली हे दुसऱ्या टोकालाही खाली. एक पुढे आणि एक मागे तोंड करून असला की इकडचं खाली तिकडे वर होतं. म्हणजे अण्णाने पंजा वर उचलला की गिअरबॉक्सला खाली दाबल्यासारखं वाटेल आणि पहिला पडेल. पुढचे खाली, खाली, खाली, आणि आणखी एक खाली. पाचवा गिअर त्याला फुकट!

दोन्ही हात सारख्या लांबीचे हवेत. एक लांब एक आखूड झाला की एकतर पाय फार हलवावा लागतो नाहीतर लिव्हर दगडासारखा जड लागतो. प्रत्येक सांध्यात थोडी ढिलाई असते, चार सांध्यांची मिळून पायाला कळण्याइतकी होते. मिस्त्री म्हणाला, बॉल जॉइंट चांगले घ्या, तिथे पैसे वाचवू नका. ज्यांनी जुन्या पद्मिनी टॅक्सीत पुढच्या सीटवर बसून प्रवास केला आहे त्यांना हे सांगायला नको. तिचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर असायचा, आणि तिथून खाली गिअरबॉक्सपर्यंत काड्या आणि सांधे. ते झिजले की गिअर दोन घरांच्या मध्ये अडकायचा आणि ड्रायव्हर भर रस्त्यात उतरून, बॉनेट उघडून, हाताने काडी हलवून यायचा. मागच्यांचे हॉर्न ऐकत. २०२३ च्या ऑक्टोबरात त्या टॅक्सी मुंबईतून कायमच्या गेल्या. लोक हळहळले, मीही हळहळलो, पण त्या सांध्यांसाठी नाही.

आणि तो जुना लिव्हर. त्याचे दाते झिजलेले, आणि आडव्या दांडीला दाते कुठले असणार? पुतण्याचा एक मित्र म्हणाला, वेल्डिंग मारून टाकू. मी कडाडून विरोध केला. आपल्याकडे वालीवपासून गोखिवऱ्यापर्यंत एवढे कारखान्यांचे गाळे आहेत, एवढे लेथवर काम करणारे कसबी हात आहेत. लिव्हरचं भोक बोअर करून त्यात दातेरी बुश दाबून बसवायचा आणि दांडीच्या टोकाला तेच दाते कापायचे. म्हणजे लिव्हर बोल्ट ढिला करून काढता येईल, दात्यादात्याने वरखाली करता येईल, अण्णाच्या घोट्याला सोयीच्या कोनात. वेल्ड केलेला लिव्हर ज्या कोनात चिकटला त्या कोनात जन्मभर.

पण हे सगळं दुय्यम. मुख्य आहे तो ब्रेक! गेल्या दोन महिन्यांत आमच्या घरात लिव्हर हा शब्द शंभर वेळा उच्चारला गेला आणि ब्रेक हा पाचदा. उजवीकडचं ब्रेकचं पेडल तिथे राहिलं तर जुना लिव्हर बसणार कुठे? आणि डावीकडे ब्रेक नसेल तर हा खटाटोप कशासाठी? अण्णा पडला तो गिअर डावीकडे होता म्हणून नव्हे, डावीकडे ब्रेक नव्हता म्हणून. गंमत अशी की या गाडीच्या मागच्या चाकाचा ड्रम चेनच्या बाजूला, डावीकडेच आहे. उजव्या पायाचा दाब आडवा डावीकडे न्यायची सोय कारखान्यालाच करावी लागली होती. म्हणजे ब्रेक डाव्या पायाला आणणं हे त्याला त्याच्या मूळ घरी नेणं आहे, जुन्या गाडीचं पेडल आणि सळई आजही मिळते. ब्रेकच्या दिव्याचा स्विचही बरोबर न्यायचा, नाहीतर मागच्याला कळणार नाही. मी अट घातली आहे, आधी ब्रेक. ब्रेक डावीकडे येऊन, मैदानात पन्नास वेळा दाबून पाहिल्याशिवाय गिअरच्या दांडीला हात लावायचा नाही.

आता कायदा. पुतण्याचा हा मुद्दा मला खोडता येत नाही आणि मी खोडणारही नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असे फेरफार मालकाला करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडक अर्थानेच वाचलं आहे. आरसी बुकात गिअर कोणत्या पायाला हे लिहिलेलं नसतं हे खरं, पण उद्या काही झालं तर विमावाला आरसी बुक नाही, गाडी बघणार. त्यामुळे माझं म्हणणं, लपूनछपून काही करू नका. आरटीओत अर्ज द्या, मोटार वाहन निरीक्षकाला नकाशा दाखवा, काय सांगतील ते लेखी घ्या. नाही म्हणाले तर नाही. मग ताईची स्कूटर आहेच, आणि तिच्यावर कमरेला पट्टा बांधून बसायचं. आणि चौकटीला, म्हणजे चेसिसला, एकही भोक पाडायचं नाही. सगळं क्लॅम्पने आणि बोल्टने. अण्णानंतर गाडी पुतण्याची आहे, त्याला एका दुपारी सगळं मूळच्यासारखं करता आलं पाहिजे.

इथे एक अवांतर. मागे निर्मळच्या जत्रेत एका तरुणाची बुलेट पाहिली. अगदी अलीकडची, पण उजवीकडे जुना गिअर लिव्हर, पितळेसारखा घासलेला. मी कौतुकाने विचारलं, चाल जुनी ठेवलीस का रे? तो हसला. म्हणाला, आजोबा, तो नुसता शोचा आहे, खाली कशालाच जोडलेला नाही. खरा डावीकडेच आहे. मला खरंच वाईट वाटलं. टाकीवर जुनं चित्र काढा, जुना दिवा लावा, मला आनंदच आहे. पण जो भाग पायाखाली येतो, ज्यावर माणूस संकटात भरवसा टाकतो, त्याची नक्कल गाडीला लटकवायची? उद्या ती गाडी माझ्या भावासारख्या कुणी हातात घेतली तर त्याचा पाय त्या खोट्या दांडीवर जाणार. पुतण्याच्या मित्रांना अण्णाच्या गाडीला जुना लिव्हर हवा आहे तो थोडासा याच कारणासाठी, 'भारी दिसेल' म्हणून. मला तो हवा आहे कारण अण्णाचा पाय त्याला ओळखतो. आरटीओने परवानगी दिली आणि लिव्हरवाल्याने म्हटलं की जुना चालत नाही, नवा घ्या, तरी मला चालेल. दिसायला कसाही असो.

शेवटची माझी अट सगळ्यांना नावडती आहे. एकदा गाडी उजवी झाली की ती फक्त अण्णाची. पुतण्याने 'जरा दूध घेऊन येतो' म्हणून काढायची नाही. नातवाने तर किल्लीला हातही लावायचा नाही. कारण जे संकट आज अण्णावर आहे तेच उद्या त्यांच्यावर उलटं बसेल. घाबरला की नातवाचा उजवा पाय खाली जाणार, आणि तिथे ब्रेक नाही, गिअर. एका गाडीवर दोन प्रकारचे पाय नकोत. पुतण्या यावर गप्प आहे. पैसे त्याने घातले, गाडी त्याने शोधली, आणि काका सांगतात तू चालवू नकोस. त्याचा राग मला समजतो. त्याने बापाला भेट दिली होती, भेट पूर्ण द्यावी एवढंच म्हणतो.

आणि अण्णा? त्याला कुणी विचारलंच नव्हतं. मी परवा विचारलं. म्हणाला, "मला अर्नाळ्याला जायचं नाही रे आता. होळी बाजारात जाऊन यायचं, आणि बुधवारी भुईगावला पंप बघायला. तेवढं झालं तरी पुरे." म्हणजे चार-पाच किलोमीटरच्या परिघासाठी हे सगळं महाभारत. पण त्या परिघात त्याची सगळी माणसं राहतात.

तर सध्याची स्थिती अशी. अर्ज लिहून झाला आहे (मसुदा माझा, शुद्धलेखन तपासलेलं). लेथवाल्याने लिव्हर पाहून ठेवला आहे, परवानगीचा कागद दाखवल्याशिवाय तो बोअर करणार नाही असं त्याने आपणहून सांगितलं. गाडी पडवीत ताडपत्रीखाली. किल्ली वहिनीच्या डब्यात, तिखटाच्या बरणीमागे. पुतण्या, तू हे वाचशील हे मला माहीत आहे, तरी लिहितो. शोधू नकोस.